‘बदललं नाही म्हणून संपलं’: फ्रीस्टाइलबद्दलचा एक लाडका गैरसमज

फ्रीस्टाइल म्हटलं की आपल्याकडे कुस्ती आठवते, नाहीतर टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेतली एखादी फेरी. इथे विषय तिसराच आहे. १९८०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स, ब्रुकलिन, हार्लेम भागांत आणि तिकडे मायामीत, मुख्यतः पोर्तो रिकन आणि क्युबन घरांतल्या पोरापोरींनी वाढवलेलं हे नाचाचं संगीत. खाली ड्रम मशीनचा तुटक ठोका, मध्ये सिंथेसायझरची उदास धून आणि वर प्रेमात पोळलेला एक कोवळा आवाज. मी न्यू जर्सीत राहायला आलो तेव्हा शनिवारी रात्री गाडीच्या रेडिओवर हे पहिल्यांदा ऐकलं आणि अडकलो, ते आजतागायत.

माझी ही आवड ओळखीच्यांना माहीत असल्यामुळे एक मजकूर मला आतापर्यंत तीन जणांनी पाठवला. त्याचा सारांश असा: ‘फ्रीस्टाइलने स्वतःला बदललं नाही म्हणून ते संपलं. सगळी गाणी एकाच ठोक्याची. आता त्यात रेगेटॉन, ट्रॅप, ईडीएम असे आजचे चलतीचे संगीतप्रकार मिसळावेत, नवे चेहरे आणावेत, म्हणजे ते पुन्हा चार्टवर येईल. सध्या ऐकणारे उरलेत ते फक्त पन्नाशीतले.’

दर वाक्यात काही ना काही खोट आहे, तेव्हा एकेक घेतो.

‘स्वतःला बदललं नाही.’

उलट, बदलता बदलता त्याची पुरती दमछाक झाली. १९८२ साली ब्राँक्सचा डीजे आफ्रिका बंबाटा याचं ‘प्लॅनेट रॉक’ आलं. निर्माता आर्थर बेकर. क्राफ्टवेर्क या जर्मन बँडच्या धुनेला त्याने ब्राँक्सच्या रस्त्यावर आणून सोडलं. त्या इलेक्ट्रो ठोक्यावर पुढच्याच वर्षी क्रिस बार्बोसा आणि मार्क लिगेट यांनी शॅनन या गायिकेकडून ‘लेट द म्युझिक प्ले’ गाऊन घेतलं. ते १९८४च्या सुरुवातीला बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेलं. फ्रीस्टाइलची सुरुवात बहुतेक जण इथूनच धरतात.

आता खरी गंमत पुढे आहे. या संगीतातून आलेल्या कलाकारांची हॉट १००वर पहिल्या क्रमांकाला गेलेली ठळक गाणी मांडून बघा. लिसा लिसा अँड कल्ट जॅमची दोन, १९८७ची: ‘हेड टू टो’ आणि ‘लॉस्ट इन इमोशन’. दोन्ही साठच्या दशकातल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांच्या वळणाची. एक्स्पोझेचं ‘सीझन्स चेंज’, १९८८: संथ प्रेमगीत. विल टू पॉवरचं त्याच वर्षीचं गाणं म्हणजे दोन जुन्या रॉक गाण्यांची सरमिसळ. स्वीट सेन्सेशनचं ‘इफ विशेस केम ट्रू’, १९९०: संथ प्रेमगीत. स्टीव्ही बीचं ‘बिकॉज आय लव्ह यू (द पोस्टमन साँग)’, त्याच वर्षाच्या शेवटी, सलग चार आठवडे पहिलं: तेही संथ प्रेमगीत.

सहा गाणी, आणि सहापैकी एकावरही फ्रीस्टाइलचा ठोका नाही. अस्सल फ्रीस्टाइल पहिल्या दहात जात होतं. एक्स्पोझेचं ‘पॉइंट ऑफ नो रिटर्न’ पाचव्या क्रमांकावर गेलं, १९९१ साली कोरिनाचं ‘टेम्प्टेशन’ सहाव्यावर. पण शिखरावर जाताना या मंडळींना आपला ठोका पायथ्याशी ठेवून जावं लागलं. ‘मुख्य प्रवाहासाठी बदला’ हा सल्ला त्यांनी त्याच काळात शब्दशः पाळला होता. लोकांच्या लक्षात प्रेमगीतं राहिली आणि खालचं संगीत ज्याच्या त्याच्या स्मरणातून गळून गेलं. स्टीव्ही बीचं ते पोस्टमनचं गाणं लग्नाच्या हॉलमध्ये वाजतं तेव्हा हा नाचाच्या गाण्यांचा माणूस होता हे कुणाला सांगूनही पटत नाही.

‘मग संपलं कशामुळे?’

कारण शोधायचं तर गाण्यात कमी आणि रेडिओत जास्त सापडतं. न्यूयॉर्कमध्ये १९८६ साली १०३.५ मेगाहर्ट्झवर ‘हॉट १०३’ सुरू झालं आणि त्याने फ्रीस्टाइलला दिवसरात्र हवा दिली. १९८८ साली तेच स्टेशन ९७.१वर जाऊन ‘हॉट ९७’ झालं. नव्वदच्या सुरुवातीला त्याने हिपहॉपची वाट धरली आणि काही वर्षांत ते हिपहॉपचं जगप्रसिद्ध स्टेशन झालं. फ्रीस्टाइल बहुतांशी छोट्या कंपन्यांच्या बारा इंची रेकॉर्डवर जगत होतं. क्लबात वाजलं, रेडिओने उचललं, दुकानात खपलं, अशी ती साखळी. मधली कडी निघाली की उरलेल्या दोन कड्यांचं काय होणार?

यात कुणाचा कट होता असं मी म्हणत नाही. त्याच गल्ल्यांतल्या धाकट्या भावंडांना रॅप हवं होतं आणि रॅप तेव्हा खरोखर जोरात होतं. शिवाय फ्रीस्टाइलची चलती होती तेव्हा घाईत उरकलेली कच्ची गाणीही ढिगाने निघाली, हेही मान्य. पण ‘ठोका जुना झाला म्हणून लोक गेले’ हे कार्यकारण मात्र उलटं लावलेलं आहे.

आणि फ्रीस्टाइलच्या माणसांनी वाटा बदलल्या, त्या किती! न्यूयॉर्कच्या डेव्हिल्स नेस्ट या क्लबात फ्रीस्टाइल वाजवणारा लुई वेगा पुढे केनी डोपबरोबर ‘मास्टर्स अॅट वर्क’ म्हणून हाउस या क्लबातल्या नाचसंगीतातलं मोठं नाव झाला. त्याच वेगाबरोबर १९९१ साली मार्क अँथनीने ‘राइड ऑन द रिदम’ केलं. त्याआधी हा मार्क अँथनी फ्रीस्टाइलवाल्यांसाठी गाणी लिहीत होता, त्यांच्यामागे कोरसमध्ये उभा राहत होता. १९९३ साली त्याने साल्सा या लॅटिन नाचसंगीताचा पहिला आल्बम काढला आणि पुढे साल्सा म्हणजे मार्क अँथनी असं समीकरण झालं. गायिका ला इंडियाही फ्रीस्टाइलचीच. साल्साचा पियानोवादक एडी पाल्मिएरी याने १९९२ साली तिला साल्सात आणलं.

म्हणजे उत्क्रांती झाली. फक्त प्रत्येक वेळी जन्मदाखल्यावर दुसरंच नाव लागलं: हाउस, साल्सा. आणि ब्राझीलमध्ये तर कमाल झाली. रिओच्या वस्त्यांतल्या नाचगाण्यांत मायामी बेस हा मायामीचा दणदणीत बासचा हिपहॉप आणि फ्रीस्टाइल असे मुरले की त्यातून नव्वदच्या दशकात ‘फंक मेलडी’ नावाचा स्थानिक, पोर्तुगीज भाषेतला प्रकार उभा राहिला. स्टीव्ही बी तिथे आजही मोठा माणूस आहे, आणि तिथे तो प्रेमगीतांइतकाच नाचाच्या गाण्यांसाठी ओळखला जातो. ‘विकसित व्हावं’ म्हणणाऱ्यांनी हे ब्राझील एकदा ऐकायला हवं.

‘सगळी गाणी एकाच ठोक्याची.’

आधी ठोक्याबद्दल. तबल्याच्या भाषेत सांगायचं तर हाउसचा बास ड्रम चारही मात्रांवर सरळ पडतो, पायरी चढल्यासारखा. फ्रीस्टाइलचा तसा नाही. तो सम धरतो, मग पुढच्या मात्रा चुकवत आडून येतो, आणि त्या रिकाम्या जागांत टीआर-८०८ या मशीनचे टाळ्या-घंटा भरत जातात. मधली सिंथेसायझरची ओळ बहुधा स्वतःच एक छोटं गाणं असते. गायिका थांबली की ती बोलू लागते.

मग त्यावरची कलाकुसर. लॅटिन रास्कल्स म्हणजे अल्बर्ट काब्रेरा आणि टोनी मोरान हे दोघे टेप ब्लेडने कापून, चिकटपट्टीने जोडून एका शब्दाचे आठ तुकडे करत. गायिका ‘लव्ह’ म्हणते आणि तो शब्द गारा पडाव्यात तसा तडतडत जातो. आज संगणकावर हे दोन सेकंदांत होतं. तेव्हा त्याला रात्र लागे आणि हात चुकला की टेप वाया. हे सगळं ज्याला ‘एकसारखं’ वाटतं, त्याला सगळे झपताल एकसारखे वाटणारच.

आणि समजा, असेल ठोका एक. रेगेटॉन मिसळा म्हणणाऱ्यांनी रेगेटॉनकडे तरी नीट पाहावं. जमैकाच्या शब्बा रँक्सच्या १९९०च्या सुमाराच्या ‘डेम बो’ या गाण्याखालचा ताल पनामा, पोर्तो रिकोमार्गे फिरला आणि त्याच एका तालावर ती अख्खी इमारत उभी राहिली. २००४चं ‘गॅसोलिना’ घ्या, नाहीतर २०१७ साली हॉट १००वर सलग सोळा आठवडे पहिलं राहिलेलं ‘डेस्पासितो’ घ्या. पाय तिथेच पडतो. एकाच ठोक्याला चिकटून राहणं हा जर मृत्युयोग असेल तर रेगेटॉनला कसा लागू पडला नाही?

‘नवं काहीतरी मिसळा.’

मिसळून झालंय. १९९७ साली रॉकेलचं ‘इन अ ड्रीम’ आलं. कॅलिफोर्नियात फिलिपिनो घरातल्या जॉसलिन एन्रिकेझने त्याच सुमारास फ्रीस्टाइलला नव्वदच्या नव्या नाचसंगीताची जोड दिली, ती रेडिओवर चाललीही. २००४ साली निना स्काय या न्यूयॉर्कच्या जुळ्या बहिणींनी ‘मूव्ह या बॉडी’मध्ये जमैकन तालावर लिसा लिसाच्या जुन्या गाण्याची ओळ घातली; गाणं चौथ्या क्रमांकावर. यातून फ्रीस्टाइल परत आलं का? ऐकणाऱ्या बहुतेकांना ती ओळ कुठली हेही ठाऊक नव्हतं.

सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या घरातलं आहे. २००५चं ब्लॅक आइड पीजचं ‘डोन्ट फंक विथ माय हार्ट’. ते आलं तेव्हा भारतीय मंडळींनी कॉलर ताठ केली, कारण त्यात आशाबाई होत्या: ‘डॉन’मधलं ‘ये मेरा दिल’ आणि ‘अपराध’मधलं ‘ऐ नौजवाँ’, दोन्ही कल्याणजी-आनंदजींची. पण त्याच गाण्यात लिसा लिसाच्या १९८५च्या ‘आय वंडर इफ आय टेक यू होम’चीही ओळ आहे. माझा पोर्तो रिकन शेजारी ते गाणं लागलं की ‘हे आमच्या न्यूयॉर्कचं’ म्हणतो, मी ‘हे आमच्या आशाबाईंचं’ म्हणतो, आणि आम्ही दोघेही बरोबर असतो. गाणं तिसऱ्या क्रमांकावर गेलं, ग्रॅमी मिळाली. त्याने फ्रीस्टाइलचं पुनरुज्जीवन झालं नाही, जसं हिंदी चित्रपटातल्या कॅबरेचंही झालं नाही. मिसळण्यात ज्याचं नाव वर असतं, फायदा त्याचा.

‘नवे चेहरे आणा.’

याला फार वेळ नको. एक्स्पोझेचा पहिला आल्बम येण्याआधीच निर्माता लुईस मार्टिनेने तिन्ही मुली बदलून नव्या तिघी आणल्या. त्या छान गायल्या, गाणी चालली. चेहरा बदलणं हा या धंद्याचा पहिल्यापासूनचा शिरस्ताच आहे. गाण्याची सूत्रं निर्मात्याच्या हातात आणि गायिका बदलता येण्याजोगी, यामुळे कित्येक जणी एका गाण्यापलीकडे गेल्याच नाहीत. ज्याला उपाय म्हणतात ते जुनं दुखणं आहे.

‘ऐकणारे पन्नाशीतले.’

आहेत. मग? २००८ साली रेडिओ सिटी म्युझिक हॉल या न्यूयॉर्कच्या मानाच्या सभागृहात फ्रीस्टाइलचा कार्यक्रम झाला. ब्राँक्सच्या लेहमन सेंटरमध्येही हे कार्यक्रम होतात. तिथे आई आणि कॉलेजातली मुलगी शेजारीशेजारी उभ्या राहून जूडी टोरेसचं ‘नो रीझन टू क्राय’ तोंडपाठ म्हणताना मी पाहिलंय. मुलीला ते गाणं चार्टवर आहे की नाही याची फिकीर नव्हती.

मात्र एक तक्रार माझीही आहे, आणि ती त्या मजकुरात नेमकी नाही. या कार्यक्रमांत दहा-बारा कलाकार असतात. प्रत्येक जण रेकॉर्ड केलेल्या साथीवर आपली दोन-तीन जुनी गाणी म्हणतो आणि उतरतो. नवं गाणं म्हणायची सोयच नसते, कारण आयोजकाला तिकिटं विकायची असतात आणि आम्हालाही तीच गाणी हवी असतात. सतरा वर्षांची असताना जे गाणं म्हटलं तेच साठीला आलेल्या बाईने म्हणायचं, तेही त्याच स्वरात. तिने मधल्या चाळीस वर्षांत जे भोगलं त्यावर तिला याच ठोक्यावर काही म्हणायचं असेल, तर त्याला अकरा मिनिटांच्या पाळीत जागा कुठे आहे?

तेव्हा ८०८ला हात लावू नका. पुढच्या कार्यक्रमात दोन नावं कमी करा आणि उरलेल्यांना एकेक नवं गाणं म्हणू द्या. लोक त्या वेळी बिअर आणायला उठतील, हे मला माहीत आहे. मी बसून राहीन.