‘पहिली महिला न्यायाधीश’ एवढ्यावर थांबू नका

आठ मार्च आला की व्हॉट्सअॅपवर कोलाज फिरतात, पहिली महिला डॉक्टर, पहिली महिला पायलट, पहिली महिला न्यायाधीश, गोल फोटो, खाली दोन ओळी, सगळ्यांचे हात जोडलेले इमोजी आणि विषय संपला. त्यात मुंबई हायकोर्टातल्या पहिल्या महिला न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांचा फोटो बऱ्याचदा असतो आणि मला दर वेळी वाटतं की अरे, या बाईंबद्दल सांगण्यासारखी सगळ्यात छोटी गोष्ट तुम्ही सांगितलीत.

पहिली म्हणजे किती उशिरा आलेली पहिली ते तरी बघा. मुंबई हायकोर्ट सुरू झालं 1862 साली. बायकांना वकिली करायची कायद्याने परवानगी मिळाली 1923 मध्ये. आणि तिथे न्यायाधीशाच्या खुर्चीत पहिली बाई बसली 1978 साली. म्हणजे वकिली करायची मुभा मिळाल्यावरही पंचावन्न वर्षं एकही बाई लायक सापडली नाही का? मिठन लाम तर विसाच्या दशकातच तिथे बॅरिस्टर म्हणून उभ्या राहिल्या होत्या. त्यामुळे हे ‘पहिली’ वाचून अभिमान वाटायच्या आधी मला राग येतो.

सुजाताबाईंचं घर कायद्याचं. वडील के. टी. देसाई गुजरात हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते, शिक्षण एल्फिन्स्टनमध्ये, मग ऑक्सफर्ड, मग बॅरिस्टर होण्यासाठी लंडनचं लिंकन्स इन, आणि 1958 पासून मुंबई हायकोर्टात ओरिजिनल साइडला, म्हणजे थेट हायकोर्टातच दाखल होणाऱ्या दाव्यांची, प्रॅक्टिस. कोणी म्हणेल मग काय, सगळं आयतंच होतं की. नव्हतं. जिच्या पाठीशी असं घर आणि असं शिक्षण होतं तिलाही खुर्चीपर्यंत पोचायला वीस वर्षं लागली, आणि तरी ती पहिलीच ठरली, तर जिच्या घरात कधी कोणी कोर्टाची पायरी चढलं नव्हतं तिचं काय होत असेल?

आता तेच 1978 साल दुसऱ्या बाजूने बघा. देसाईगंजच्या, म्हणजे आपल्या गडचिरोलीकडच्या वडशाच्या पोलीस ठाण्यात 1972 साली मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर ठाण्यातल्याच पोलिसाने बलात्कार केल्याची केस. सेशन्स कोर्टाने पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलं, आणि सप्टेंबर 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने परत सोडलं. का, तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं दिसत नाही. रात्रीची वेळ, ठाण्याचं दार बंद, नातेवाईक बाहेर उभे, समोर वर्दीतला माणूस, आणि त्या पोरीने ओरडायला हवं होतं! तेव्हा सुप्रीम कोर्टात एकही बाई न्यायाधीश नव्हती, पहिली आली 1989 ला, फातिमा बीवी. निकालानंतर वर्षभराने, 1979 मध्ये, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. मुंबईत पहिली बाई खुर्चीत बसली त्याच वर्षी दिल्लीत हा निकाल आला, हे मला एकत्रच आठवतं.

1994 हे सुजाताबाईंचं वर्ष. जानेवारीत मुंबई हायकोर्टाच्या मुख्य न्यायाधीश, तिथेही पहिल्याच, मग केरळ हायकोर्टाच्या मुख्य न्यायाधीश, आणि नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्ट. फातिमा बीवी 1992 ला रिटायर झाल्यापासून तिथे कोणी बाईच नव्हती. ऑगस्ट 1999 ला रिटायर होईपर्यंत या एकट्याच. त्या गेल्यावर परत शून्य, 2000 च्या जानेवारीत रुमा पाल येईपर्यंत.

आणि याच काळात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा विशाखा निकाल आला, 13 ऑगस्ट 1997. राजस्थानातल्या भटेरी गावची भंवरी देवी, सरकारच्याच महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करणारी कुंभार समाजाची बाई. तिने वर्षाच्या आतल्या एका बाळाचं लग्न थांबवायचा प्रयत्न केला, ते तिचं कामच होतं, आणि त्याचा सूड म्हणून 1992 मध्ये नवऱ्यासमोर तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. ‘विशाखा’ आणि इतर महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या, म्हणाल्या, बाई काम करते म्हणून तिच्यावर हे होत असेल तर काम करण्याच्या हक्काला अर्थ काय? बेंचवर सरन्यायाधीश वर्मा, सुजाता मनोहर आणि कृपाल. निकाल वर्मांनी लिहिला, त्यामुळे श्रेय एकट्या बाईंचं असं मी म्हणणार नाही. पण लैंगिक छळ म्हणजे नेमकं काय, यात अंगाला हात लावण्याबरोबरच घाणेरडे शेरेही येतात, आणि तक्रार समितीची प्रमुख बाईच हवी, निम्म्या तरी सदस्य बायका हव्यात, बाहेरच्या संस्थेचं कोणीतरी हवं, हे त्या निकालाने पहिल्यांदा ठामपणे सांगितलं. संसदेला कायदा करायला पुढची सोळा वर्षं लागली, 2013. तोवर देशभरातल्या ऑफिसातल्या बायका याच निकालाच्या आधारावर उभ्या होत्या.

आणि भंवरी देवी? तिच्या केसमध्ये 1995 लाच खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं होतं. वरच्या जातीची माणसं खालच्या जातीच्या बाईला हात लावणार नाहीत, अशा धर्तीचं लॉजिक होतं त्यात. तिच्यामुळे लाखो बायकांना कायद्याचा आधार मिळाला आणि तिला स्वतःला न्याय नाही मिळाला. हे लिहितानाही हात जड होतो.

आता कायद्याचं काय चाललंय ते बघा. मी आधी जिथे कामाला होते तिथे लिफ्टशेजारी या तक्रार समितीचा लॅमिनेट केलेला कागद लावलेला होता, अध्यक्ष म्हणून ज्या मॅडमचं नाव त्या कधीच्या रिटायर झालेल्या, फोन नंबरच्या जागी जुनं एक्स्टेंशन जे कोणी उचलायचं नाही, आणि बाहेरच्या सदस्याच्या रकान्यात नुसती एक रेघ. एचआरला विचारलं तर म्हणाले, ऑडिटला कागद दाखवावा लागतो म्हणून आहे. दहा माणसं कामाला असली की समिती हवीच, आणि ती कागदावर नाही, खरी हवी. जिथे दहापेक्षा कमी माणसं, किंवा तक्रार मालकाविरुद्धच, तिथल्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती आहे, घरकाम करणाऱ्या बायकांनाही तिथे जाता येतं. तुमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताईंना हे कोणी सांगितलंय? फडावर ऊस तोडायला गेलेली बाई मुकादमाच्या विरोधात कुठे जाणार, कोयता बाजूला ठेवून, दिवसाची मजुरी बुडवून, परक्या जिल्ह्याच्या कलेक्टर ऑफिसात? भंवरी देवी ऑफिसात बसणारी नव्हती हो, गावात पायी फिरून काम करणारी होती, आणि तिच्यासारख्या आशाताई, अंगणवाडीताई आजही उन्हातान्हात एकट्याच घरोघरी जातात.

सुजाताबाई रिटायर झाल्यावर राष्ट्रीय मानवाधिकार आयोगावरही होत्या. पण सुप्रीम कोर्टात 1950 पासून 2021 पर्यंत एकूण अकराच बायका न्यायाधीश झाल्या, त्यातल्या तीन तर 2021 मध्ये एकाच दिवशी शपथ घेतलेल्या. त्यामुळे पुढच्या आठ मार्चला फोटो जरूर फिरवा, पण त्याखाली दोन ओळी जास्त लिहा, विशाखाबद्दल, भंवरी देवीबद्दल, आणि आपल्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता टाका. मी माझ्या जिल्ह्याचा शोधतेय, मिळाला की कमेंटमध्ये टाकते, तुम्हीही तुमच्या जिल्ह्याचा टाका.