परतीचे तिकीट खिशात असताना ठेवलेला भाव

सप्रेम सलाम.

केनियातील सेवाप्रवासावरच्या माझ्या लेखावर आपण दिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. उत्तराला आठवडा लागला, कारण पहिल्या रात्री लिहिलेले उत्तर रागाचे होते आणि ते मी पुसून टाकले. इतर वाचकांसाठी आपले आक्षेप थोडक्यात सांगतो. सहा जणांच्या विमानभाड्यात धारावीत कितीतरी काम झाले असते. परतीचे तिकीट, विमा आणि औषधांचा डबा जवळ बाळगून बारा दिवस परदेशी राहण्याला ‘परमेश्वरावर भाव ठेवणे’ म्हणणे हा शब्दांचा खेळ आहे. आणि तिथल्या गरिबांना आम्ही स्वतःच्या आत्मिक धड्याचे साहित्य केले. शेवटी आपण विचारले आहे की आमच्या जेवणाचा खर्च कोणी केला.

तिसरा आक्षेप मला मान्य आहे. लेखासोबत शाळेतील मुलांना कडेवर घेतलेली जी छायाचित्रे होती, ती मी काढून टाकली आहेत. त्यांच्या आईवडिलांना कोणी विचारले नव्हते, आणि भायखळ्यात कोणी माझ्या नातवाला उचलून असे छायाचित्र काढले असते तर मी भांडलो असतो.

पैशांविषयी एवढेच सांगतो की आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, दानार्पणातील एक रुपयाही या प्रवासाला लागला नाही; प्रत्येकाने आपापला खर्च केला. मात्र त्याने आपला मुद्दा खोटा ठरत नाही, कारण स्वतःचे पैसेही धारावीत खर्च करता आले असते.

परतीच्या तिकिटाचा मुद्दा सर्वांत अचूक लागला. १८१३ साली अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल याच मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकारला त्यांना येथे राहू द्यायचे नव्हते. ते तरीही राहिले, मराठी शिकले आणि १८२६ साली नाशिककडच्या दौऱ्यावर असताना पटकीने वारले. त्यांच्या शेजारी आमचे बारा दिवस ठेवण्याचे धाडस मी करणार नाही. पीतज्वराची (यलो फिव्हरची) लस टोचून घेतल्यावर प्रमाणपत्र लागू व्हायला दहा दिवस लागतात, आणि ते नसेल तर परत येताना विमानतळावरूनच विलगीकरणात जावे लागते; म्हणून ती तारीखसुद्धा मी दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवली होती. अशा माणसाने साहसाच्या गोष्टी सांगू नयेत, हे खरेच आहे. परंतु मला जे सांगायचे होते ते साहसाचे नव्हतेच, आणि लेखात ते नीट उतरले नाही, ही माझी चूक.

म्हणून घडले ते पुन्हा सांगतो. केनियातील किसुमू शहरापासून दोन तासांवरच्या एका खेड्यातील शाळेच्या पत्र्यांवरचे पावसाचे पाणी पन्हळींतून टाकीत उतरवायचे, एवढे काम आम्हाला नेमून दिले होते. मार्चचा आरंभ होता आणि तिकडचा मोठा पाऊस तोंडावर आला होता. माझे सारे आयुष्य नळजोडणीच्या कामात गेले असल्यामुळे व्हॉल्व्ह, सॉकेट, निपल, टेफ्लॉन टेप असे सर्व सामान मी लोहार चाळीतून स्वतः निवडून, यादी करून एका पेटीत भरले होते. नेमकी तीच पेटी विमान बदलताना मागे राहिली आणि आम्ही मुंबईला परतेपर्यंत मिळाली नाही.

चार दिवस मी हात बांधून बसलो. पाचव्या दिवशी गावचा फुंडी आला. फुंडी म्हणजे स्वाहिलीत कारागीर. (दुकानाला तेथे ‘दुका’ म्हणतात, मोटारीला ‘गारी’ आणि चपातीला चपातीच, त्यामुळे आपण फार दूर आलो आहोत असे अधूनमधून वाटेनासे होई.) त्याने शेणाच्या गोवऱ्या पेटवल्या, पाइपाचे टोक निखाऱ्यांवर फिरवत फिरवत मऊ केले, दुसऱ्या पाइपाचे टोक त्यात दाबून तोंड फुगवले आणि सॉकेटशिवाय सांधा केला. टाकीच्या तोंडाशी पाणी झिरपत होते, तेथे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली. ही युक्ती मला माहीत नव्हती असे नाही. माझे उस्ताद माझगावच्या चाळींत हेच करीत. मी ती विसरलो होतो, कारण माझ्याजवळ नेहमी पेटी असे. संध्याकाळपर्यंत काम झाले. मी पाइप धरून उभा होतो.

आपण म्हणाल, म्हणजे तुमची गरजच नव्हती. नव्हती, आणि तेच मला तेथे कळले. धारावीतल्या आमच्या अभ्यासवर्गात मी नऊ वर्षे जातो. खोलीची किल्ली माझ्याकडे असते, वीज गेली तर कोणाला फोन करायचा हे मला ठाऊक असते, आणि मंडळीचा खजिनदारही मीच आहे. या सगळ्याला मी सेवा म्हणत आलो, पण त्यात मी नसलो तर काम बुडेल अशी एक भीतीही होती आणि त्या भीतीलाच मी भाव समजत होतो. देवाचे काम माझ्या पेटीवाचून चालते, हे मुंबईत मला कोणी पटवू शकले नसते. याच कारणाने ‘धारावीत का नाही’ या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर केवळ माझ्यापुरते आहे. दुसऱ्या कोणाला हे धारावीतच कळेल, किंवा घरी आजारी पडल्यावर कळेल, आणि त्याला भाडे भरावे लागणार नाही.

आणखी एक गोष्ट लेखात लिहायची मी टाळली होती. आम्ही ज्या घरी उतरलो होतो तेथील आजींना मी एकदा, दुभाष्यामार्फत, सहज बोलून गेलो की माझ्या मुलाची नोकरी सुटून वर्ष झाले आहे. त्या रात्री कंदिलाजवळ बसून त्यांनी त्यांच्या लुओ भाषेत बराच वेळ प्रार्थना केली. मला दोनच शब्द कळले, न्यासाये म्हणजे देव, आणि मुंबई. मुलाची ही गोष्ट मी आमच्या मंडळीत कधी उच्चारली नव्हती. खजिनदाराने आपली अडचण सांगायची नसते, असा माझा समज होता. परत आल्यावर पुढच्या प्रार्थना सभेत ती मी सांगितली. मुलाला नोकरी अद्याप मिळालेली नाही.

आता जेवणाचा खर्च. तिथल्या मंडळीला आम्ही दररोजच्या जेवणाचे पैसे आधीच पाठवले होते आणि त्याची पावती माझ्याकडे आहे. परंतु आजींच्या अंगणात आम्ही आलो त्या दिवशी सहा कोंबड्या होत्या आणि निघताना दोन होत्या. पैसे देऊ केले तेव्हा त्यांनी माझा हात मिटवून परत माझ्याच खिशात घातला. त्या चार कोंबड्या कोणत्या खात्यात लिहायच्या, हे आपल्या प्रश्नानंतरही मला ठरवता आलेले नाही.