डबल-ॲक्शन ट्रिगर एका आकड्यात मावत नाही

रिव्हॉल्वरच्या शौकिनांमध्ये एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. लिहिणाऱ्याचा पत्ता नाही, पण सूर छातीठोक. सार असं: आधुनिक डबल-ॲक्शन रिव्हॉल्वर (ट्रिगरच्या एकाच ओढीत घोडा मागे जाऊन सुटतो ती) आतून सगळी सारखीच, ट्रिगरची प्रत वजनाच्या आकड्यावरून कळते, जितका हलका तितका चांगला, पाट्याची स्प्रिंग मऊ, कॉइल स्प्रिंग खरखरीत, कोल्ट कंपनीच्या जुन्या पायथन रिव्हॉल्वरच्या पुढे कोणी गेलंच नाही, डबल-ॲक्शनने नेम लागत नाही, घोडा अंगठ्याने मागे ओढावाच लागतो, आणि ट्रान्सफर बारने, म्हणजे गोळी अपघाताने सुटू न देणाऱ्या आतल्या पट्टीने, चांगल्या ट्रिगरांची वाट लावली. यातल्या बऱ्याच विधानांत थोडंथोडं तथ्य आहे, म्हणूनच मजकूर मरत नाही. एकेक घेऊ.

“आतून सगळी सारखीच.” काम सारखं आहे, हे मान्य. बोट ट्रिगर ओढतं, सिलिंडर एक घर फिरतो, घोडा मागे जाऊन सुटतो. पण हे काम करण्याच्या रीती वेगळ्या आहेत आणि तो वेग­ळेपणा थेट बोटाला जाणवतो. स्मिथ अँड वेसनमध्ये ट्रिगर आधी घोड्याला बसवलेल्या एका लहानशा, स्प्रिंगवर हलणाऱ्या खिटीला, सिअरला, उचलतो. ओढ पुढे सरकली की भार सिअरवरून घोड्याच्या पायावर येतो. ट्रिगर परत पुढे आणणारी कॉइल स्प्रिंग वेगळी, ती रिबाउंड स्लाइड या ट्रिगरमागच्या सरकत्या ठोकळ्याच्या पोटात असते. जुन्या कोल्टमध्ये ही दोन्ही कामं व्ही अक्षराच्या आकाराची एकच स्प्रिंग करते: एक भुजा घोड्याला ताकद देते, दुसरी रिबाउंड लीव्हरमार्फत ट्रिगर परत आणते. रूगरने १९७९च्या रेडहॉकमध्ये एकाच कॉइल स्प्रिंगवर दोन्ही भार टाकले आणि १९८५च्या जीपी-१००मध्ये ते पुन्हा वेगळे केले. एकाच कारखान्यातली दोन मॉडेलंसुद्धा आतून सारखी नाहीत, मग सगळी कुठून सारखी असणार?

सिलिंडर फिरण्याची दिशाही एक नाही. नेमबाजाच्या बाजूने पाहिलं तर कोल्टचा सिलिंडर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, स्मिथ अँड वेसन आणि रूगरचा उलट. हा नुसता घराण्याचा शिरस्ता नाही. कोल्टच्या दिशेने फिरताना सिलिंडर आणि त्याची क्रेन, म्हणजे ज्या हातावर तो बाहेर उघडतो तो भाग, फ्रेममध्ये (सांगाड्यात) आत दाबली जाते. उलट दिशेने फिरताना ती बाहेर ढकलली जाते. त्यामुळे स्मिथ अँड वेसनला इजेक्टर रॉडच्या (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या दांड्याच्या) टोकाशी पुढचं कुलूप द्यावं लागलं आणि रूगरने जीपी-१००मध्ये ते क्रेनवरच बसवलं. याखेरीज फ्रान्सच्या मानुरिन एमआर-७३मध्ये रिबाउंड स्लाइड रोलरवर सरकते. जर्मनीच्या कोर्थमध्ये रोलर बदलून ओढीचा स्वभावच बदलता येतो. इटलीच्या कियाप्पा रायनोत बाहेर दिसतो तो घोडा मुळी घोडाच नाही, आतला घोडा चढवण्याची ती तरफ आहे.

आता वजनाचा आकडा. मजकुरातलं सगळ्यांत जास्त नुकसान करणारं विधान हेच, कारण ते शास्त्रीय वाटतं. ट्रिगर गेज लावला, आकडा आला, वाद संपला! पण गेज ओढीतला फक्त सर्वांत जड क्षण सांगतो. तो क्षण सुरुवातीला आला, मध्ये आला की अगदी शेवटी, हे त्या आकड्यात नसतं. साडेचार किलोची, म्हणजे साधारण दहा पौंडांची ओढ दोन रिव्हॉल्वरांवर मोजली, पण एकात ती सुरुवातीलाच चढून तशीच सपाट चालली आणि दुसऱ्यात गलोलीच्या रबरासारखी शेवटच्या टप्प्यात ताणत गेली, तर बोटाला ते दोन वेगळे ट्रिगर आहेत. या शेवटच्या चढाला स्टॅकिंग म्हणतात. घोडा सुटायच्या ऐन वेळी बोटाला जोर वाढवावा लागतो आणि नेमकी तेव्हाच माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, हलते.

२००९मध्ये आलेल्या रूगर एलसीआरची सगळी कीर्ती याच एका गोष्टीवर उभी आहे. घर्षण कमी करणाऱ्या कॅमच्या घडणीमुळे त्याच्या ओढीत शेवटचा चढ जवळपास लागत नाही. हातात घेणारे लोक वजनाचा अंदाज सांगतात तो बहुधा गेजपेक्षा कमी निघतो. २०१६च्या किंबर के-६एसचंही तसंच. त्याची ओढ कागदावर काही फार हलकी नाही, पण ती सरळ चालते.

“जितका हलका तितका चांगला” याची दुसरी अडचण पदार्थविज्ञानाची आहे. प्रायमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) पेटायला घोड्याच्या फटक्यात ठरावीक ताकद लागते आणि डबल-ॲक्शनमध्ये ती ताकद बोटच स्प्रिंगमध्ये भरतं. घर्षण कमी केलं तर वाया जाणारी मेहनत वाचते. तो खरा फायदा. पण घोड्याला ताकद देणारी मुख्य स्प्रिंग नुसती कमजोर केली तर फटकाच कमजोर होतो आणि कडक प्रायमरवर घोडा पडून नुसता खट् आवाज येतो. स्पर्धेतले काही नेमबाज फारच हलके ट्रिगर वापरतात हे खरं. पण ते काडतुसंही प्रायमर मऊ असलेलीच निवडतात. ही अट मजकुरात कुठेच नाही.

तिसरा मार्ग ओढ लांबवण्याचा: तेवढीच मेहनत जास्त अंतरावर वाटली की दर टप्प्यावरचा जोर उतरतो. म्हणूनच लहान फ्रेमचं रिव्हॉल्वर जड लागतं. आत जागा कमी, घोडा छोटा, त्याची फेक छोटी. मग स्प्रिंग कडक ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. पॉइंट टू-टू रिव्हॉल्वरांची डबल-ॲक्शन ओढ अनेकदा त्याच मापाच्या मोठ्या बोअरच्या भावंडापेक्षा जड असते, तीही याच हिशेबाने: रिमफायर काडतुसाची कड चेपायला फटका जबर लागतो. आकडा वाचून “कंपनीने कंजूषपणा केला” म्हणणाऱ्यांनी हे आधी पाहावं.

शिवाय तो आकडा कोणत्या वजनाच्या रिव्हॉल्वरवर आहे? सव्वाचारशे ग्रॅमच्या ॲल्युमिनियम फ्रेमच्या छोट्या रिव्हॉल्वरवर साडेपाच किलोची ओढ म्हणजे त्याच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास तेरा पट. तीच ओढ सव्वा किलोच्या आसपासच्या पोलादी रिव्हॉल्वरवर साडेचार पटही भरत नाही. गेजने दोन्हींना सारखे गुण दिले. हातात मात्र एकाची नळी थरथरते आणि दुसऱ्याची जागची हलत नाही.

आणि परतीचं काय? ओढीवर पानंच्या पानं लिहिणारे परतीवर एक ओळ लिहीत नाहीत. रिबाउंडची स्प्रिंग मऊ केली की गेजवरचा आकडा आणखी उतरतो, पण ट्रिगर पुढे यायला रेंगाळतो. घाईत बोट अर्ध्यावरूनच पुन्हा ओढायला लागतं आणि यंत्रणा पुढचा खेळ नाकारते. माझ्या मते दोन रिव्हॉल्वरांची तुलना करताना परतीचा झटका ओढीइतकाच तोलून पाहायला हवा. थोडी जड ओढ मी सोसेन, आळशी परत नाही.

पाट्याच्या आणि कॉइल स्प्रिंगबद्दल फार लिहायला नको. स्मिथ अँड वेसनच्या के, एल आणि एन या मध्यम ते मोठ्या मापांच्या फ्रेममध्ये मुख्य स्प्रिंग पाट्याची, १९५०पासूनच्या छोट्या जे फ्रेममध्ये कॉइलची. जे फ्रेम जड लागते तिचं खापर कॉइलवर फोडलं जातं, पण वर सांगितलेला जागेचा हिशेब तिथे आधी येतो. एलसीआरमध्ये कॉइल आहे आणि ट्रिगर गुळगुळीत आहे. जुन्या कोल्टमध्ये पाटा आहे आणि शेवटी तो ताणतो. खरखर ही स्प्रिंगची जात नव्हे, घासणाऱ्या पृष्ठभागांची करणी.

तिथून थेट पायथनवर येऊ. १९५५मध्ये बाजारात आलेलं हे रिव्हॉल्वर सुंदर होतं यात वादच नाही. भाग हाताने जुळवलेले, आतले पृष्ठभाग घासूनपुसून गुळगुळीत केलेले, घोडा चढवून झाडलं तर सुटका काच तुटावी इतकी स्वच्छ. ट्रिगर पूर्ण मागे असताना हँड हा सिलिंडर फिरवणारा भाग त्याला स्टॉपवर (सिलिंडर अडवणाऱ्या खिटीवर) दाबून धरतो, त्यामुळे गोळी सुटण्याच्या क्षणी सिलिंडरला हलायला जागा उरत नाही. तिजोरी बंद झाल्यासारखं हे लॉकिंग, असं पायथनचे भक्त सांगतात, आणि ते खरंही आहे. पण त्या घट्टपणाची किंमत हँडच मोजतो. तो झिजतो, मग सिलिंडर वेळेवर जागेवर येत नाही, आणि दुरुस्तीला त्या जुन्या पद्धतीचा जाणकार लागतो. डबल-ॲक्शनमध्ये व्ही स्प्रिंगचा शेवटचा चढ तर होताच. कित्येकांना तो आवडतो. चढ लागला की सुटका जवळ आल्याचं कळतं, असं ते म्हणतात. आवड म्हणून ठीक. पण तो चढ म्हणजेच श्रेष्ठत्व, हे कसं मानायचं?

खुद्द कोल्टनेही ते मानलं नाही. जुन्या पायथनचं उत्पादन २०००च्या दशकात थांबलं. २०१७मध्ये कोब्रा आलं, २०२०मध्ये पायथन हे नाव परतलं, आणि आतली यंत्रणा मात्र नव्याने आखलेली. नवी स्प्रिंग यू आकाराची, आणि शेवटचा चढ बराच उतरलेला. सुटीच्या दिवशी कागदावर सावकाश, सिंगल-ॲक्शनने (घोडा आधी अंगठ्याने चढवून) छिद्रं पाडायची असतील तर जुनं पायथन मीही हातात घेईन. डबल-ॲक्शन ओढीची तुलना करायची असेल तर नवं त्याच्या पुढे आहे.

“डबल-ॲक्शनने नेम लागत नाही” या विधानाला रेकॉर्डबुकच उत्तर देतं. अमेरिकन नेमबाज एड मॅकगिव्हर्नने १९३२मध्ये डबल-ॲक्शन रिव्हॉल्वरमधून पाच गोळ्या ०.४५ सेकंदांत झाडल्या, पंधरा फुटांवरून, आणि पाचही छिद्रं अर्ध्या डॉलरच्या नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ. त्याच्याच देशाच्या जेरी मिक्युलेकने १९९९मध्ये सहा गोळ्या, पुन्हा भरणी आणि आणखी सहा गोळ्या हे सगळं २.९९ सेकंदांत उरकलं. घोडा अंगठ्याने चढवत बसलं तर हे होणं शक्य नाही. ही असामान्य माणसं म्हणून सोडून द्यायची तर पोलीस रिव्हॉल्वरच्या पीपीसी स्पर्धा पाहा: तिथे पन्नास यार्डांपर्यंतचे टप्पे असतात आणि मुरलेले नेमबाज डबल-ॲक्शननेच झाडतात. लॉस एंजेलिस पोलीस खात्याने तर रिव्हॉल्वरांतली सिंगल-ॲक्शनची सोयच काढून टाकली होती, कारण चढवलेल्या घोड्याचा हलका ट्रिगर ताणाच्या प्रसंगी नको तेव्हा सुटतो.

नवशिक्याला सिंगल-ॲक्शन सोपं जातं, हे मात्र नाकारता येत नाही. तीन-चार पौंडांची, जेमतेम हलणारी ओढ कोणालाही सोपी. पण त्यातून “डबल-ॲक्शन हे फक्त संकटापुरतं” असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो एवढाच, की दुसरी कला शिकायला वेळ लागतो. ओढ एका गतीने, न थबकता पुरी करायची, आणि सुटकेचा क्षण पकडायच्या नादी लागायचं नाही. स्मिथ अँड वेसनमध्ये घोडा सुटण्याआधी सिलिंडर जागेवर बसतो, त्या खुणेवर थबकून उरलेली ओढ वेगळी घेणारेही पुष्कळ आहेत. लांबच्या, सावकाश नेमाला ती युक्ती चालते. वेगात ती सवय अंगाशी येते, कारण थबकण्याची वेळ आली की बोट हमखास झटका देतं.

राहता राहिला ट्रान्सफर बार. ही कल्पना रूगरची नव्हे. आयव्हर जॉन्सन या जुन्या अमेरिकन कंपनीच्या रिव्हॉल्वरांत ती शंभर वर्षांपूर्वीही होती. ट्रिगर ओढला की बार वर येतो आणि घोड्याचा फटका फायरिंग पिनपर्यंत पोचवतो. बोट सोडलं की बार खाली, आणि घोड्याला पिन लागतच नाही. स्मिथ अँड वेसनचा हॅमर ब्लॉक उलट वागतो: एरवी मध्ये आडवा असतो, ओढीबरोबर बाजूला होतो. कोल्टने पॉझिटिव्ह लॉक या नावाने तसा अडसर १९०५मध्येच आणला होता. या गोष्टी कोणाच्या हौसेसाठी आल्या नाहीत. १९४४मध्ये जहाजाच्या डेकवर पडलेल्या स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्वरमधून गोळी सुटून एक खलाशी मेला आणि त्यानंतर कंपनीने हॅमर ब्लॉक नव्याने घडवला.

बारमधून जाताना फटक्याची थोडी ताकद कमी होते, त्यामुळे स्प्रिंग अगदी मऊ करून चालत नाही. तक्रारीत खरं आहे ते एवढंच. ओढीचं वळण, शेवटचा चढ, परतीचा झटका या कशावरही बारची सत्ता नाही. जुन्या पायथनपेक्षा जिची ओढ सरळ चालते त्या २०२०च्या पायथनमध्येही ट्रान्सफर बारच आहे.