फळी म्हणे! अरे त्या फळीखाली काय आहे ते तर पहा

काल रात्रीपासून डोकं फिरून राह्यलं आहे. बायको म्हणते, "तुम्हाला काय करायचं त्या इंग्लंडच्या पुलाचं, झोपा आता." पूल नाही गं, पिअर आहे तो. समुद्रात लांबवर नेलेला धक्का, खाली लोखंडी पाय, वर फळ्या, लोक त्यावर हवा खायला जातात. नागपूरला समुद्र नाही, फुटाळा तलावाच्या काठाला आपण चौपाटी म्हणतो तेवढीच आपली हौस, पण मत विचारा, सातही समुद्रांवर तयार असते.

झालं काय, मावसभाऊ लंडनला असतो, तो शनिवारी हेस्टिंग्जला फिरायला गेला अन् फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. लांबच लांब लाकडी डेक, जवळजवळ रिकामा, चार माणसं, मागे राखाडी आभाळ. खाली लिहिलं, याला 2017 चं स्टर्लिंग प्राइझ मिळालं आहे. म्हणजे तिकडचा इमारतींचा सगळ्यात मोठा मान. बस, एवढ्यावर पेटलं. मोठे भाऊजी म्हणे, "हे काय बे, नुसती फळी टाकून ठेवली!" काका म्हणे, "बिल्डिंग कुठे आहे? बांधायची राहिली का?" आत्या म्हणे, "यापेक्षा आमची गच्ची बरी, वाळवण तरी घालता येतं." आणि मग जे सुरू झालं, आजकालच्या इमारती म्हणजे खोके, गोडाऊन, काड्यापेट्या, जुन्या लोकांना सौंदर्य कळत होतं, वगैरे वगैरे, रात्री साडेअकरापर्यंत. मी चौदा वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग काढून राह्यलो आहे, मी दोन ओळी लिहिल्या तर भाऊजींचं उत्तर, "तू बोलूच नको, तुमच्याच धंद्यातले लोक हे."

बरं, फळी हा शब्दही भाऊजींचा नाही. तिकडच्या लोकांनीच त्याला 'प्लँक' म्हणून हिणवलं होतं. म्हणजे हेस्टिंग्ज काय अन् नागपूरचा महाल भाग काय, माणूस सारखाच. फोटो पाहायचा, तीन सेकंदात निकाल द्यायचा, अन् वर म्हणायचं की जुनं होतं तसंच काऊन नाही बांधलं.

आता हे 'जुनं होतं तसं' ऐकलं की माझं टाळकं सटकते. कोणतं जुनं भाऊ? पिअर उघडला 1872 साली, युजिनिअस बर्च नावाच्या इंजिनिअरनं केलेला, इंग्लंडातले बरेच पिअर त्याचेच. त्याच्या टोकाला मोठा पॅव्हेलियन होता, घुमटवाला, दोन हजार माणूस बसेल एवढा. तो 1917 मध्ये जळाला. उन्नीसशे सतरा! ज्या घुमटांसाठी आमचे भाऊजी गळा काढून राह्यले ते त्यांच्या आजोबांच्या लहानपणीच खाक झाले होते. नंतर दुसरं बांधलं, मग त्यात भर, मग डागडुजी, मग अजून काहीतरी चिकटवलं. 1967 मध्ये जिमी हेंड्रिक्स हा नावाजलेला गिटारवाला तिथे वाजवून गेला तो काही मूळच्या घुमटाखाली नाही. मग पिअर खंगत गेला, धोकादायक म्हणून बंद पडला, आणि ऑक्टोबर 2010 मध्ये आग लागली त्यात वरचं जवळपास सगळंच गेलं. आता यातलं कोणतं परत बांधायचं? 1872 चं की मधलं की बंद पडलेलं गंजकं? विचारा ना. कोणी सांगत नाही. सगळ्यांना फक्त 'जुना लूक' पाहिजे, जसा लग्नाच्या हॉलवाल्याला राजवाडा पाहिजे असतो, प्लायवुडचा का होईना.

आणि पैसा. "एवढ्या पैशात फक्त फळ्या?" खर्च झाला सुमारे 1 कोटी 42 लाख पौंड, त्यातला मोठा हिस्सा तिकडच्या लॉटरीच्या हेरिटेज फंडातून आला आणि बाकीच्यात सुमारे तीन हजार लोकांनी शेअर घेऊन आपली भर टाकली. ऐका बरं, तीन हजार साध्या लोकांनी! आपल्याकडे गल्लीतल्या गणपतीची पावती फाडताना लोक दार उघडत नाहीत. तर हा पैसा गेला कुठे? खाली गेला. दीडशे वर्षं खाऱ्या पाण्यात उभे असलेले लोखंडी पाय, त्यांचे आडवे-तिरपे बांध, वर आगीनं वाकलेलं लोखंड, ते सगळं नीट करण्यात मोठा पैसा गेला, आणि ते फोटोत दिसत नाही. हेच तर दुखणं आहे. आमच्याकडे पार्टी येते जुनं घर घेऊन, भिंतीला ओल, स्लॅबमधून सळ्या बाहेर डोकावून राह्यल्या, आम्ही म्हणतो आधी वॉटरप्रूफिंग आणि कॉलम पाहू, तर म्हणते ते नंतर पाहू, आधी एलिव्हेशनचा, म्हणजे दर्शनी बाजूचा, थ्रीडी दाखवा. ओल गेल्याबद्दल आजवर एकानं पेढे दिले नाहीत. पीओपीवर सोनेरी पट्टी मारली की वास्तुपूजनाला पाहुणे मान वर करकरून पाहतात.

त्या फळ्यांवर नवी अशी एकच छोटी इमारत बांधली, मधोमध. तिच्या भिंतींना जे लाकूड लावलं ते आगीतून वाचलेलं जुनं डेक. जळाल्याच्या खुणा आहेत त्यावर. मला विचाराल तर त्या जागेची आठवण जपायची याहून प्रामाणिक पद्धत नाही, नकली घुमटापेक्षा तर शंभर पट. पण हे सांगितलं तर आत्या म्हणते, "म्हणजे भंगारच लावलं ना?" काय बोलणार, डोकं आपटा.

बाकी सगळं मुद्दाम मोकळं सोडलं होतं. आज जत्रा लावा, उद्या गाण्याचा कार्यक्रम, परवा सर्कस, आणि काहीच नसेल त्या दिवशी नुसतं चालत टोकापर्यंत जा अन् समुद्र पहा. आणि हे कोणाला समजायला पाहिजे? नागपूरच्या माणसाला! कस्तुरचंद पार्क काय आहे बे? मधात एक छत्री आणि भोवती मोकळं मैदान. तिथे आपण दसऱ्याला रावण जाळला, सभा ऐकल्या, प्रदर्शनं पाहिली, लहानपणी भाऊजींनीच मला खांद्यावर बसवून रावण दाखवला होता त्याच मैदानात. तेव्हा कोणी म्हटलं का, बिल्डिंग कुठे आहे, बांधायची राहिली का? उलट तिथे काही बांधायची नुसती चर्चा निघाली तरी हेच काका तावातावानं म्हणतात, शहराचा श्वास आहे तो. मग हेस्टिंग्जवाल्यांना श्वास नको का? त्यांनी काय फक्त घुमट चाटायचे?

(आता उन्हाचा मुद्दा काढू नका. मला माहीत आहे असं डेक मे महिन्यात नागपुरात केलं तर पंचेचाळीस डिग्रीत माणूस पापडासारखा भाजून निघेल. तिकडचं दुखणं वेगळं, वारा आणि पाऊस. आडोसा कमी आहे म्हणून कोणी तक्रार केली तर ती मी मान खाली घालून ऐकेन, कारण ती वापरणाऱ्याची तक्रार आहे, पाय दुखणाऱ्याची आहे. फोटो पाहून नाक मुरडणाऱ्याची नाही.)

आणि मी काही सगळं आधुनिक ते छान म्हणणारा नाही. आमच्या धंद्यातले नमुने मी रोज पाहतो. निळ्या काचेचा डबा उभा करायचा, पश्चिमेला, आत एसीचं बिल पाहून दुकानदार रडतो, त्याला म्हणायचं कंटेम्पररी. त्याला शिव्या द्या, मीही देतो सोबत. पण नीट पाहून द्या ना. आपलं हायकोर्ट बांधून झालं 1940 मध्ये, मेड नावाच्या इंग्रजानं केलं, आज त्याच्यासमोरून जाताना सगळे म्हणतात वा काय वास्तू. दीक्षाभूमीचा स्तूप सांचीची आठवण देतो, पण आतून पोकळ आहे, हजारो माणसं आत उभी राहतात, मूळ सांचीत कोणी आत जाऊ शकत नाही. म्हणजे जुन्याकडून घेऊन नवं करता येतं, नवंही उद्या जुनं होतं. एवढी साधी गोष्ट. पण नाही.

मग रात्री अकराला भाऊजींनी ब्रह्मास्त्र काढलं. कुठूनतरी शोधून टाकलं की प्राइझ मिळालं त्याच वर्षी नोव्हेंबरात पिअर चालवणारा ट्रस्ट बुडाला. खाली चार हसरे चेहरे. "बघ, तुझी फळी."

हो, बुडाला. मला माहीत होतं. आणि इथेच माझा सगळ्यात जास्त संताप होतो, कारण एवढ्या वेळात पहिल्यांदा कोणीतरी कामाचा मुद्दा काढला आणि तोही फक्त खिजवायला. ट्रस्ट बुडाला कारण रोजचा पिअर चालवायला जेवढा पैसा लागतो तेवढा येत नव्हता. खारी हवा आहे, लोखंड आहे, दरवर्षी देखभाल आहे, माणसं आहेत, विमा आहे. घुमट असते तर त्या घुमटांनाही रंग लागला असता! घुमट काय फुकट उभे राहतात? पण तिकडे वर्षानुवर्षं भांडण कशावर, तर दिसायला कसा आहे. चालवणार कोण, कशातून, दहा वर्षांनी पत्रा बदलायला पैसा कुठून, यावर चहाच्या टपरीवर कोणी भांडताना पाहिलं का तुम्ही? आपल्याकडे तरी पाहिलं? कारंजं लागलं की लोक रंग कोणते यावर बोलतात, बाग झाली की गेट कसं आहे यावर, अन् दोन पावसाळ्यांत नळ तुटला, दिवे गेले, बाकडं उखडलं, की म्हणतात, "डिझाइनच बेकार होतं."

अन् पुढची गंमत भाऊजींनी वाचलीच नाही. 2018 मध्ये तो कोटी पौंडांचा पिअर विकला गेला, किंमत सांगतात पन्नास हजार पौंड. घेतला एका हॉटेलवाल्यानं, ज्याच्याकडे शेजारच्या ईस्टबोर्नचा पिअर आधीपासून होता आणि तिथले घुमट त्यानं सोनेरी रंगवले होते. मग हेस्टिंग्जच्या 'फळी'वर सोनेरी पाणघोडे आले. पाणघोडे! सोनेरी! घ्या, पाहिजे होतं ना काहीतरी छान छान, चकचकीत. मी तो फोटो शोधून ग्रुपवर टाकला, की आता तरी यांना कळेल. पाच मिनिटं शांतता. मग आत्याचा मेसेज आला, "हे बरं आहे. लहान मुलांना आवडेल."

मी फोन उशीखाली टाकून झोपलो.

आज सकाळी ऑफिसात दहा वाजता पार्टी बसलेली. बेसा साइडला प्लॉट आहे, तीस बाय पन्नास, नवरा-बायको दोघं नीट माणसं, मी उगाच राग काढणार नव्हतो. नवऱ्यानं मोबाईल पुढे केला, कुठल्यातरी हवेलीचा फोटो. म्हणे वर घुमट पाहिजे, एक तरी. मी विचारलं, गच्चीवर घुमटाखाली काय करणार? तर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, अन् ताई म्हणाल्या, "आत पाण्याची टाकी बसेल ना, झाकली जाईल."

मी विचारलं टाकी धुवायला माणूस आत शिरणार कुठून. ते म्हणाले, "ते नंतर पाहू भाऊ, आधी थ्रीडी दाखवा."

आता तोच बनवून राह्यलो आहे.