"विज्ञान निरुत्तर" वगैरे काही नाही: शाळीग्रामाच्या त्या फॉरवर्डबद्दल

तुळशीचं लग्न जवळ आलं की हा मेसेज येतोच. यंदा आमच्या फॅमिली ग्रुपवर आधी काकूने टाकला, मग मामाने, मग सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा. ज्यांच्याकडे आला नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात: शाळीग्राम जगात फक्त गंडकी नदीत मिळतो, आतलं चक्र वज्रकीट नावाचा किडा दातांनी कोरतो, कार्बन डेटिंगने वय सहा कोटी वर्षं निघालंय, आत खरं सोनं असतं, अस्सल शाळीग्राम रात्रभर तांदळात ठेवला की वजन वाढतं, हिमालयात समुद्रातले शंख सापडतात हा महाप्रलयाचा पुरावा, आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "विदेशी शास्त्रज्ञही निरुत्तर झाले". यावेळी नासा नाहीये, एवढीच काय ती प्रगती.

आधीच सांगते, पूजा करू नका असलं काही मला म्हणायचं नाहीये, आमच्याही देव्हाऱ्यात आहे. माझा राग फक्त त्या "निरुत्तर" शब्दावर आहे. जिऑलॉजीत एमएस्सी केलंय, कच्छच्या उन्हात असल्याच चक्रांच्या मागे पाय मोडेस्तोवर फिरलेय, आणि हे निरुत्तर लोक जे आहेत ना, त्यांनी दीडशे वर्षं यावर विटेएवढाले ग्रंथ लिहून ठेवलेत. कच्छच्या अमोनाइट्सवर (शाळीग्रामातलं चक्र म्हणजे याच समुद्री प्राण्याचा शंख) वागेनने १८७५ मध्ये लिहिलं, स्पाथने १९२७ ते १९३३ मध्ये ते सगळं परत तपासलं, आणि शाळीग्राम ज्या खडकातून येतो त्या स्पिती शेलमधल्या (शेल म्हणजे दाबलेल्या चिखलाचा मऊ खडक) जीवाश्मांवर ऊलिश नावाच्या माणसाने १९०३ पासून १९१० पर्यंत भाग काढले. उत्तरं एवढी आहेत की वाचायला आयुष्य पुरत नाही.

तर वज्रकीट. ही गोष्ट पुराणातली आहे, तुळशीने विष्णूला दगड होण्याचा शाप दिला आणि विष्णू म्हणाला की गंडकीकाठी वज्रासारख्या दातांचे किडे त्या शिळेत माझी चक्रं कोरतील. गोष्ट म्हणून मला ती फार आवडते, कारण ज्याने कोणी ती पहिल्यांदा सांगितली त्याने तो दगड नीट, आतपर्यंत बघितला होता. गुळगुळीत काळ्या गोट्याला एक छोटंसं भोक, आणि आत नियमित बारीक रेषांचं वळण, आता हे नदीत घासून होत नाही हे त्याला कळलं होतं, म्हणजे निरीक्षण बरोबर, किडा तेवढा कल्पनेतला.

दिवाळीत काकूकडे गेले तेव्हा तिचा शाळीग्राम मागून घेतला (अंघोळ झालीये ना, हे तीनदा विचारून तिने दिला), मोबाइलचा टॉर्च लावला आणि लेन्समधून त्या भोकात बघितलं. आत एकावर एक वेटोळी, आणि प्रत्येक वेटोळ्यावर बारीक बारीक उंचवटे. ते आतल्या कडेला एकेकटे सुरू होतात आणि बाहेर जाता जाता प्रत्येकाचे दोन होतात, बेचकीसारखे. ही फाटलेल्या रेघांची नक्षी ज्युरासिक या डायनोसॉरांच्या काळातल्या कालखंडाच्या शेवटच्या भागातल्या एका मोठ्या अमोनाइट कुळाची ओळख आहे, पेरिस्फिंक्टिड म्हणतात त्यांना. किड्याने कोरलं असतं तर दगड खरवडल्याच्या खुणा दिसल्या असत्या. इथे उलट आहे, दगड नंतर झालाय आणि नक्षी आधीची आहे.

म्हणजे कसं, तर अमोनाइट हा समुद्रातला प्राणी, मेला की शंखासकट तळाच्या काळ्या चिखलात रुतला. त्या चिखलात ऑक्सिजन फारसा नव्हता, त्यामुळे तो सावकाश कुजला, कुजताना आसपासच्या पाण्याचं केमिस्ट्रीचं गणित बदललं आणि शंखाभोवती खनिजं साठत साठत एक कडक गोळा तयार झाला, मध्ये बेदाणा ठेवून लाडू वळावा तसा. पुढे सगळा चिखल दाबला जाऊन शेल झाला, तो मऊच राहिला, हे गोळे मात्र टणक. मग हिमालय वर आला, काली गंडकीने तो शेल कापत नेला, गोळे सुटून नदीत पडले आणि गडगडत गुळगुळीत झाले. कधी गोळा एका बाजूने झिजतो किंवा फुटतो आणि आतल्या शंखाचा ठसा दिसायला लागतो, ते आपलं "वदन" आणि आतलं "चक्र". मुक्तिनाथच्या वरच्या अंगाला हा काळा शेल उघडाच आहे.

आता एक गंमत. मेसेजखाली आमच्या एका भावाने, जो स्वतःला फार रॅशनल समजतो, त्याने लिहिलं की "अरे मेलेल्या गोगलगाईला पूजताय". तर दादा, तूही चूकच. गोगलगाईचा शंख म्हणजे सलग एक पोकळ नळी, आत भिंती नाहीत. अमोनाइटच्या शंखात खोल्या असतात, प्राणी राहायचा फक्त शेवटच्या, सगळ्यात मोठ्या खोलीत, मागच्या रिकाम्या खोल्यांमधून एक बारीक नळी जायची आणि तिच्यातून पाणी काढून गॅस भरून तो स्वतःला पाण्यात तरंगता ठेवायचा. कोकणातल्या लोकांना सांगायचं तर तो म्हाकूळचा (म्हणजे स्क्विडचा) आणि ऑक्टोपसचा नातेवाईक, घर पाठीवर घेऊन पोहणारा. त्या भिंती शंखाला जिथे चिकटतात तिथली रेघ इतकी नागमोडी असते की रांगोळीतली वेल वाटावी, आणि प्रत्येक जातीची वेल वेगळी, जात ओळखायला तिचा फार उपयोग होतो. खरी गोगलगाईची वस्तू पूजेत हवी असेल तर ते गोमती चक्र, समुद्री गोगलगाईच्या दाराचं झाकण असतं ते. त्यावर कोणी फॉरवर्ड करत नाही, बिचारं.

"फक्त गंडकीत" हे अर्धं खरं आहे. धर्मशास्त्रात ज्याला शाळीग्राम म्हणतात तो गंडकीचाच, मान्य. पण आतला प्राणी जगभर होता. आपल्या स्पितीत त्याच शेलमध्ये आहे, लांगझा गाव तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे, कच्छमध्ये आहे, जैसलमेरला आहे. महाराष्ट्रात मात्र शोधत बसू नका, आपला बेसॉल्ट लाव्हाचा आहे आणि नंतरचा आहे. इंग्लंडमध्ये व्हिटबी नावाच्या गावात लोक म्हणायचे की संत हिल्डाने सापांना शाप देऊन दगड केलं, मग विकणारे त्या अमोनाइटला सापाचं डोकं कोरून द्यायचे, आणि आजही त्या गावाच्या मानचिन्हावर ते तीन साप आहेत. पुढे शास्त्रज्ञांनी एका अमोनाइटचं नावच हिल्डोसेरास ठेवलं. आपल्याकडे शाप विष्णूला आणि तिकडे सापांना, दगड तोच!

वयाचा मुद्दा, आणि इथे मी खरंच वैतागते. कार्बन डेटिंग. कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, साधारण पन्नास हजार वर्षांनंतर मोजण्यासारखं काही उरतच नाही, त्यामुळे कार्बन डेटिंगने कोटीत वय काढलं म्हणणं म्हणजे किचनच्या काट्यावर ट्रक मोजला म्हणणं. आणि सहा कोटी हा आकडा तर अजूनच मजेशीर. २०२३ च्या सुरुवातीला नेपाळहून दोन मोठ्या शिळा अयोध्येला नेल्या तेव्हा टीव्हीवर "सहा कोटी वर्षं" सारखं ऐकू यायचं, माझा अंदाज तिथूनच तो घराघरातल्या शाळीग्रामाला चिकटला. पण अमोनाइट संपले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉर गेले तेव्हाच, आपल्या सह्याद्रीचे लाव्हाचे थर पडत होते त्याच काळात. म्हणजे सहा कोटी वर्षांपूर्वी समुद्रात अमोनाइटच नव्हते! स्पिती शेलचं वय साधारण १६ ते १४ कोटी वर्षं आहे. मेसेजवाल्याने देवाचं वय निम्म्याहून कमी केलंय आणि कोणालाच राग येत नाहीये.

मग हे वय कळतं कसं? राखेच्या थरांतल्या झिरकॉन नावाच्या स्फटिकांत युरेनियमचं शिसं किती झालं ते मोजून आकडा मिळतो. पण राख सगळीकडे नसते, तिथे अमोनाइटच कामाला येतात. जुन्या लग्नाच्या अल्बममध्ये बेलबॉटम आणि लांब कल्ले दिसले की आपण साल न विचारता सत्तरचं दशक म्हणतो ना, तसं. अमोनाइटची फॅशन फार पटापट बदलायची आणि समुद्रातून लांब लांब पसरायची. १८५६ ते ५८ मध्ये आल्बर्ट ओपेल नावाच्या जर्मन माणसाने ज्युरासिकचे खडक असेच अमोनाइटवरून बारीक पट्ट्यांत विभागले, आणि आज युरोपात एकेक पट्टा सरासरी दहा लाख वर्षांपेक्षा कमी काळाचा पडतो. पंधरा कोटी वर्षांमागे जाऊन दहा लाखाच्या आत बोट ठेवायचं, हे दुसरं कुठलं जीवाश्म इतकं सहज करत नाही. कच्छमध्ये लोडाईजवळ इक्थिओसॉर सापडला, साडेपाच मीटरचा समुद्री सरडा म्हणा हवं तर, २०१७ मध्ये त्याचा पेपर आला, तर त्याचं वय ठरवायला त्याच थरातले अमोनाइट आणि बेलेम्नाइटच (म्हाकूळसारख्या एका प्राण्याचे जीवाश्म) घेतले होते. पेपरात फोटो मोठ्या हाडांचा आणि साक्ष या छोट्या चक्रांची.

प्रलयाचं उत्तर पण ह्यातच आहे. पूर आला असता तर सगळं एकत्र कालवलं गेलं असतं, गोपाळकाल्यासारखं. प्रत्यक्षात थर चढत जाल तसे अमोनाइट ठरलेल्या क्रमाने बदलतात, खालचा वर सापडत नाही. कच्छमध्ये आम्ही ढोसा ऊलाइट नावाच्या थरावर उभे होतो, लालसर तपकिरी दगड, त्यात मोहरीसारखे बारीक लोखंडी दाणे, बोट फिरवलं की खरखरीत लागतात. सरांनी आल्या आल्या बजावलं होतं की प्रत्येक नमुन्यावर थराचा नंबर घाला, आणि आमच्यातल्या एकाने आळस करून दोन थरांचे नमुने एकाच पिशवीत टाकले तर संध्याकाळी सरांनी एकेक बघून बरोबर वेगळे केले, नंबर न बघता. समुद्र डोंगरावर चढला नाही, समुद्राचा तळच डोंगर झाला. भारत आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस समुद्र होता, साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी धडक झाली आणि तळ उचलला गेला. एव्हरेस्टच्या अगदी टोकाचा दगडसुद्धा समुद्रातला चुनखडक आहे.

सोनं: पायराइट आहे ते, लोखंड आणि गंधक. ऑक्सिजन नसलेल्या चिखलात कुजताना हेच तयार होतं, म्हणून शंखाच्या जागी पिवळं चमकतं. बाथरूमच्या टाइलच्या मागच्या खडबडीत बाजूवर तसलाच एखादा पिवळा तुकडा घासून बघा, सोन्याची रेघ पिवळी येते, पायराइटची हिरवट काळी. देव्हाऱ्यातला घासू नका, काकू मला मारेल.

तांदळाचं आम्ही केलं. काकूच्या किचनच्या डिजिटल काट्यावर संध्याकाळी २१२ ग्रॅम, सकाळी २१२ ग्रॅम. काकू म्हणाली मधे एकदा २१३ दिसलं होतं. काटा पुसला, २१२. पुढे.

या सगळ्यात मला खरं वाईट याचं वाटतं की "गूढ" म्हणून जे विकतात ते इतकं बेचव असतं आणि खरी गोष्ट इतकी चविष्ट. इंग्लंडमध्ये ग्लुस्टरशायरला १९९८ मध्ये एक ज्युरासिक अमोनाइट सापडला होता, त्याचं २०२१ मध्ये न्यूट्रॉन आणि एक्सरे वापरून स्कॅनिंग केलं तर न फोडता आतले स्नायू दिसले, साडेसोळा कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचे स्नायू, आणि त्यावरून कळलं की धोका वाटला की तो स्वतःला शंखात ओढून घ्यायचा आणि म्हाकूळसारखा पाण्याचा फवारा मारून पोहायचा.

किंवा नर-मादीचं बघा. कितीतरी वर्षं एकाच थरात एक मोठी जात आणि एक छोटी जात जोडीने सापडायची, लहानपणीची वेटोळी दोघांची सेम, मोठेपणी वेगळे. लोक त्यांना दोन वेगळी नावं देत बसले. १९६० च्या दशकात पोलंडचा माकोव्स्की आणि इंग्लंडचा कॅलोमन या दोघांनी वेगवेगळं दाखवून दिलं की ह्या दोन जाती नाहीत, नवरा-बायको आहेत. कॅलोमन तर पेशाने केमिस्ट्रीचा प्राध्यापक, अमोनाइट हा त्याचा फावल्या वेळचा उद्योग! छोटा तो बहुतेक नर, त्याच्या शंखाच्या तोंडाशी बऱ्याचदा कानासारखे दोन पदर, आणि मोठी ती मादी. कच्छच्या अमोनाइटमध्येही अशा जोड्या लावायचं बरंच काम झालंय.

हे मी काकूला सांगत होते तेव्हा ती वाती वळत होती. हात थांबवून म्हणाली, "अगं, मग आपला काय आहे? नाही म्हणजे, दरवर्षी तुळशीशी लग्न लावतो म्हणून विचारतेय."

मी परत टॉर्च लावला. तोंडाकडचा भाग झिजून गेलाय, पदर होते की नव्हते काही कळत नाही, पूर्ण वाढलेला आकारही दिसत नाही. म्हटलं, काकू, ह्यावरून सांगता येणार नाही.

"मग राहू दे," ती म्हणाली, "भटजींना तारीख देऊन झालीये."