मलय मुलांचे खेळ कुणी चोरलेले नाहीत

काही दिवसांपासून एक मेसेज फिरतोय. "मलेशियाचे पारंपरिक खेळ? छे, सगळे भारताचेच!" असं त्याचं शीर्षक, खाली सहा मुद्दे आणि शेवटी "अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा". क्वालालंपूरच्या आमच्या मराठी गटात तो येऊन गेला, तेव्हा मी गप्प बसले. मग माझ्या थोरल्या जाऊबाईंनी कोल्हापूरहून तो थेट माझ्या लेकीला पाठवला आणि वर लिहिलं, "शाळेत वाचून दाखव, म्हणजे कळेल त्यांना." लेक सातवीत आहे, वर्गातली बरीचशी मुलं मलय. त्यांच्यासमोर उभं राहून तिने सांगायचं, की तुमच्या आजीने तुम्हाला शिकवलेला खेळ तुमचा नाहीच. जाऊबाईंना मी फोनवर काय ते बोलले आहे. पण मेसेज त्यांच्यापाशी थांबलेला नाही, म्हणून हे सगळ्यांसाठी लिहिते आहे.

मेसेज काय म्हणतो ते आधी सांगते. चोंगकाक म्हणजे नाव बदललेली तमिळ पल्लांगुळी (दोन्ही खळग्यांच्या पाटीवर बिया पेरत खेळायचे खेळ). बातु सेरेम्बान म्हणजे आपले सागरगोटे आणि गालाह पांजांग म्हणजे आपल्या आट्यापाट्या. भोवरा आणि पतंग भारतातूनच जगभर गेले. हे सगळे खेळ ब्रिटिशांनी रबराच्या मळ्यांवर नेलेल्या भारतीय मजुरांनी मलय मुलांना शिकवले, त्याआधी त्यांना खेळच ठाऊक नव्हते. मलेशिया सरकारने हे लपवायला ते खेळ नाण्यांवर छापले. आणि तसंही आता तिथे ते कुणी खेळत नाही.

मजुरांचा मुद्दा आधी घेते, कारण सगळ्यात खोटा तोच आहे आणि सगळ्यात वाईटही तोच.

रबराची पहिली रोपं मलायात आली 1877 साली. मळे फोफावले ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्याआधी ऊस आणि कॉफीच्या मळ्यांवर भारतीय मजूर आले होते, पण तेही एकोणिसाव्या शतकातच. आता मलाक्काच्या, म्हणजे इथल्या जुन्या मलय सल्तनतीच्या, सुलतानांची बखर पाहा, 'सजाराह मलायू'. तिच्या प्रस्तावनेत लेखनाचं साल येतं ते 1612. तिच्यात सुलतान मन्सूर शाहच्या काळातला, म्हणजे 1459 ते 1477 या दरम्यानचा एक प्रसंग आहे. मलाक्काच्या रस्त्यावर पोरं सेपाक रागा खेळत होती. वेताचा विणलेला चेंडू, गोल करून उभे राहिलेले खेळाडू आणि हात न लावता चेंडू हवेत ठेवायचा, असा हा खेळ. खेळणाऱ्यांत बेंडाहारा तुन पेराक याचा मुलगा तुन बेसारही होता. बेंडाहारा म्हणजे राज्याचा मुख्य प्रधान. तेवढ्यात राजपुत्र राजा मुहम्मद घोड्यावरून तिथून निघाला. तुन बेसारने मारलेला चेंडू राजपुत्राच्या डोक्याला लागून त्याचं शिरोवस्त्र खाली पडलं. एवढ्यावरून तुन बेसारचा जागीच खून झाला.

बेंडाहाराची माणसं शस्त्रं घेऊन उठली. त्याने त्यांना आवरलं, मलय प्रजा राजद्रोह करत नाही म्हणाला. मात्र हा राजपुत्र आपला राजा व्हावा हे आम्हाला मान्य नाही, असंही त्याने स्पष्ट सांगितलं. सुलतानाने राजा मुहम्मदाचा मलाक्काच्या गादीवरचा हक्क काढून घेतला आणि त्याला पाहांगचा राजा करून पाठवून दिलं. एका वेताच्या चेंडूने एका सल्तनतीचा वारस बदलला.

कुणी म्हणेल, बखरच ती, तिखटमीठ लावलेलं असणार. असू दे. प्रसंगाचा तपशील सगळा खोटा धरला तरी लिहिणाऱ्याला आणि त्याच्या वाचकांना सेपाक रागा इतका ओळखीचा होता की तो समजावून सांगायची गरज त्याला वाटली नाही. आणि हे रबराचं पहिलं रोप या मातीत लागण्याच्या अडीचशे वर्षं आधीचं आहे. "त्याआधी त्यांना खेळच ठाऊक नव्हते" हे वाक्य ज्याने लिहिलं, त्याने मलाक्काचं नाव तरी ऐकलं असेल का, असा प्रश्न पडतो.

मला जास्त राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. मळ्यांवर आलेली ती माणसं बहुतेक तमिळ होती, काही तेलुगू, काही मल्याळी. कांगाणीच्या, म्हणजे मजूर गोळा करून आणणाऱ्या मुकादमाच्या हाताखाली, कर्ज अंगावर घेऊन, लाइनीतल्या खोल्यांत ती राहिली. त्यांच्या नातवंडा-पतवंडांची इथे स्वतःची मोठी कहाणी आहे. कबड्डी इथे आली ती भारतीय समाजाबरोबरच, हे मीही म्हणते. पण त्यांच्या घामाचा उल्लेख करायचा तो फक्त कोल्हापूर-पुण्यात बसून छाती फुगवायला? त्यांच्या सोसण्याशी आपलं घेणंदेणं नाही, आणि त्यांच्या नावावर श्रेय मात्र "आपण" घेणार. हे मला पटत नाही.

आता चोंगकाक. इथे मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, ते मान्य करते. दोन ओळी, प्रत्येकी सात खळगे, बिया उचलायच्या आणि एकेक पेरत पुढे जायचं. चोंगकाक आणि पल्लांगुळी लांबून पाहिली तर बहिणी वाटतात. पण जरा जवळ बसून खेळा. चोंगकाकची पाटी होडीच्या आकाराची असते आणि दोन्ही टोकांना एकेक मोठं घर असतं. आपल्या घरात जाता जाता एक बी टाकायची, समोरच्याच्या घरात टाकायची नाही. शेवटची बी आपल्या घरात पडली तर पुन्हा खेळायला मिळतं. भरलेल्या खळग्यात पडली तर तो खळगा उचलून पुढे चालायचं. आपल्या बाजूच्या रिकाम्या खळग्यात पडली तर समोरच्याचा खळगा मारायचा. पल्लांगुळीत बहुधा अशी टोकाची घरं नसतातच. तिथे शेवटची बी पडली की त्याच्या पुढचा खळगा उचलतात, आणि खळग्यात चार बिया जमल्या की त्या 'गाय' म्हणून मालकाच्या. दोन्ही खेळणाऱ्या बाईला विचारा, ती म्हणेल डोकं वेगळं लावावं लागतं.

पहिली फेरी मला फार आवडते. दोघी एकाच वेळी सुरू करतात, सात-सात बियांचे चौदा खळगे, अठ्ठ्याण्णव बिया, आणि दोघींचे हात एकमेकींना ओलांडत पळत असतात. पुढच्या फेरीत जिच्याकडे खळगे भरण्याएवढ्या बिया उरल्या नाहीत तिची तेवढी घरं 'जळतात'. शेजारच्या मकचिकनी (इथे मावशीला असं म्हणतात) माझ्या लेकीला शिकवताना दोन घरं जळू दिली, मग पुढच्या डावात ती परत कशी मिळवायची ते शिकवलं. चिंचोके, कवड्या, सागाच्या लाल बिया, नाहीतर गोट्या, जे हाताला लागेल ते चालतं. (हा साग म्हणजे आपल्या सागवानाचा नव्हे. आपल्याकडे त्या लाल बियांना रतनगुंज म्हणतात.)

या जातीचे पेरणीचे खेळ जावामध्ये आहेत, फिलिपिन्समध्ये सुंगका आहे, मालदीवमध्ये ओह्वल्हु आहे, आणि आफ्रिकेत तर ते इतके आणि इतक्या तऱ्हांचे आहेत की मोजता पुरवत नाहीत. आता मालदीवच्या माणसाने तामिळनाडूला मेसेज पाठवावा का, पल्लांगुळी आमची म्हणून? हिंदी महासागरात बायका, व्यापारी आणि खलाशी शेकडो वर्षं इकडून तिकडे जात होते. त्यांच्याबरोबर पाट्याही गेल्या असतील, दोन्ही दिशांनी. सारखेपणा दाखवणं वेगळं आणि चोरी सिद्ध करणं वेगळं. मेसेजमध्ये चोरीचा एकही पुरावा नाही.

याच ओघात एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर मी उलट्या टोकाला गेले असं होईल. भारताचा आणि मलय जगाचा संबंध खरोखर जुना आहे. केदाह राज्यातल्या लेंबाह बुजांगमध्ये प्राचीन मंदिरांचे अवशेष आहेत. राजेंद्र चोळाच्या आरमाराने 1025 साली या बाजूला स्वारी केली. केलांतान राज्यातल्या चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात आजही रामकथा आहे. कुणी या संबंधावर अभ्यास करून लिहिलं तर मी पहिली वाचेन. पण हा मेसेज ते करत नाही. त्याला नातं नको आहे, मालकी हवी आहे.

सागरगोटे आणि आट्यापाट्यांचं मी थोडक्यात उरकते. पाच खडे उडवून झेलण्याचे खेळ प्राचीन ग्रीसमध्येही होते, हाडांनी खेळत. मुलींच्या हाताला पाच खडे लागले की त्या असं काहीतरी करणारच. इथल्या मुली कापडाच्या इवल्या पिशव्यांत तांदूळ किंवा मूग भरून शिवतात आणि त्या उडवतात. गालाह पांजांग आट्यापाट्यांसारखा दिसतो, हे मात्र खरं. रेषांवर उभे राहून अडवायचं, मधल्या उभ्या रेषेवरच्या गड्याने मागून येऊन बाद करायचं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाही सूरपाटीच आठवली. पण आपल्या आट्यापाट्यांत नऊ पाट्या, नऊ गडी आणि त्याचं स्वतःचं शास्त्र आहे. इथली पोरं बॅडमिंटन कोर्टाच्या आखलेल्या रेषांवर चार-पाच जण मिळून खेळतात. जावामध्ये हाच प्रकार गोबाक सोडोर, फिलिपिन्समध्ये पातिंतेरो. राज्य कुणावर हे ठरवायलाही इथली मुलं आपल्यासारखीच चकतात, हात उलटे-सुलटे टाकून, फक्त तोंडाने "लाताली लाताली ताम्प्लोम" म्हणतात. मला ते ऐकून आनंद होतो. त्यावर हक्क सांगावासा वाटत नाही.

भोवरा प्राचीन इजिप्तमध्येही होता आणि पतंगाचा उगम शोधणारे चीनकडे आणि आग्नेय आशियाकडे बघतात, तेव्हा "भारतातूनच" हे कुठून आलं ते मेसेजवाल्यालाच माहीत. केलांतानचा मोठा गासिंग, म्हणजे भोवरा, पाचेक किलोचा असतो. दोरी गुंडाळून तो जमिनीवर फेकायचा, फिरता असतानाच लाकडी फळीने उचलायचा आणि छोट्या खुंटावर ठेवायचा. तिथे तो तासाहून जास्त वेळ फिरत राहतो. भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतात गासिंग आणि वाऊ, म्हणजे मोठे पतंग, निघतात. वाऊच्या डोक्यावर धनुष्य बांधलेलं असतं, वाऱ्यात ते घुमतं. हे त्या शेताचं, त्या हंगामाचं, तिथल्या बांबूचं आहे. आपली संक्रांतीची काटाकाटी वेगळी, तिची मजा वेगळी.

नाण्यांचं तर हसू येतं. 5 सेनवर गासिंग, 10 सेनवर चोंगकाक आणि 50 सेनवर वाऊ असलेली नाणी 1989 साली आली. 2012 पासून नव्या नक्षीची नाणी निघाली आहेत. म्हणजे ज्या "लपवाछपवी"वर मेसेज इतका चिडला आहे ती नाणी बंद पेटीत नव्हती, वर्षानुवर्षं प्रत्येकाच्या खिशात होती. आणि त्याच मालिकेत 20 सेनवर पानाचं तबक होतं. ते मेसेजवाल्याच्या नजरेतून कसं सुटलं, नाहीतर विडाही आपलाच म्हणून सातवा मुद्दा आला असता.

"आता कुणी खेळत नाही" यात तथ्य आहे, नाइलाजाने म्हणते. आमच्या इमारतीतली बहुतेक पोरं संध्याकाळी फोनवर असतात, मलय काय, चिनी काय, मराठी काय. पण शाळेत शारीरिक शिक्षणाच्या तासाला हे खेळ शिकवतात. पासिर गुदांगला पतंगांचं संग्रहालय आहे आणि तिथल्या महोत्सवाला देशोदेशीचे पतंगवाले येतात. तो मलाक्काच्या रस्त्यावरचा वेताचा चेंडू जाळीवरून खेळला जाऊ लागला, सेपाक ताकरॉ झाला आणि 1990 च्या बीजिंग आशियाई स्पर्धांत पोहोचला. 2018 मध्ये त्याच खेळात भारताच्या पुरुष संघाने आशियाई कांस्यपदक मिळवलं, पुढे हांगचौच्या आशियाई स्पर्धांत आपल्या मुलींनीही. आपली मुलं मलय आणि थाई मुलांचा खेळ शिकून पदक घेऊन आली. त्याबद्दल कुणी क्वालालंपूरहून "आमचा खेळ चोरला" असं लिहिल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

माझी लेक शाळेत चोंगकाकवरच बोलणार आहे. पल्लांगुळीचं नाव त्यात येईल, सुंगकाचंही येईल. जाऊबाईंचा मेसेज येणार नाही. तुमच्याकडे तो आला तर पाठवणाऱ्याला एवढंच विचारा, मजुरांचा मुद्दा कुठे वाचला?