व्हीडब्ल्यूने सगळं सुटतं म्हणे!

नाशिकच्या वेब डिझाइनवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: ‘फॉन्ट साइझ व्हीडब्ल्यूमध्ये द्या, स्क्रीनप्रमाणे अक्षर आपोआप लहानमोठं होतं, मीडिया क्वेरीची कटकट संपली. एचटीएमएलला १० पिक्सेल द्या, रेमचा हिशेब सोपा. मोबाईल डोळ्याजवळ असतो, तिथे १२ पिक्सेल पुरे. मराठीसाठी वेगळं काही लागत नाही.’ (व्हीडब्ल्यू हे स्क्रीनच्या रुंदीवर बेतलेलं माप, मीडिया क्वेरी म्हणजे स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे वेगवेगळे नियम लिहिणं, रेम म्हणजे एचटीएमएलला, म्हणजे अख्ख्या पानाला, दिलेल्या मूळ आकाराच्या पटीतलं माप.) खाली अंगठ्यांचा पाऊस. सिंहस्थ तोंडावर आलाय, हॉटेल, होमस्टे, ट्रॅव्हल्स, सगळ्यांना वेबसाइट कालच हवी होती. त्या गडबडीत हा मेसेज जसाच्या तसा साइटवर उतरायचा, म्हणून हे उत्तर.

आधी व्हीडब्ल्यू. एक व्हीडब्ल्यू म्हणजे व्ह्यूपोर्टच्या, पान दिसतं त्या खिडकीच्या, रुंदीचा एक टक्का. मजकुराला ४ व्हीडब्ल्यू दिलं तर ३६० रुंदीच्या फोनवर १४.४ पिक्सेल येतात, चालून जातं. तेच पान १३६६ च्या लॅपटॉपवर उघडा, अक्षर ५४ पिक्सेलच्या पुढे. बरं, लॅपटॉपला बेताचं म्हणून १.२ घ्यावं, तर फोनवर ४.३ पिक्सेल, म्हणजे मुंग्यांची रांग. मग दोन वेगळे आकडे द्यायला मीडिया क्वेरी घालावीच लागते. जिची कटकट संपणार होती तीच!

खरं दुखणं मात्र झूमचं आहे. त्याच लॅपटॉपवर वाचणाऱ्याने २०० टक्के झूम केलं की ब्राउझरच्या लेखी व्ह्यूपोर्टची रुंदी ६८३ होते. १.२ व्हीडब्ल्यू म्हणजे ८.२ पिक्सेल, ते दुप्पट करून दाखवले की पुन्हा १६.४. माणूस कंट्रोल आणि अधिकचं बटण दाबत बसतो, चित्रं फुगतात, अक्षर ढिम्म हलत नाही. डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीची आंतरराष्ट्रीय तत्त्वं, त्यांची अट आहे की मजकूर २०० टक्क्यांपर्यंत मोठा करता आला पाहिजे. सरकारी साइटसाठीची जीआयजीडब्ल्यू तत्त्वंही त्यावरच उभी आहेत. तेव्हा सरकारी काम घेणाऱ्याने तरी हा मेसेज पुढे ढकलू नये.

व्हीडब्ल्यू वापरूच नका असं म्हणणं नाही, ते एकटं सोडू नका. मापाला किमान आणि कमाल मर्यादा घालणारं क्लॅम्प सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) आहे, ते २०२० पासून सगळ्या मुख्य ब्राउझरांत चालतं. मजकुरासाठी मी किमान १ रेम, मधे ‘०.९५ रेम अधिक ०.२२ व्हीडब्ल्यू’ आणि कमाल १.१२५ रेम लिहितो. ३६० रुंदीवर १६ पिक्सेल, १२८० वर १८. वरच्याच लॅपटॉपवर २०० टक्के झूम केलं की १८ चे ३३ च्या आसपास होतात. पुरते दुप्पट नाहीत, पण झूम आणखी वाढवता येतो आणि अक्षर त्याला दाद देतं. मथळ्यांना किमान-कमालमधलं अंतर जास्त ठेवायला हरकत नाही. मजकुराला एवढंच बास.

१० पिक्सेलच्या सल्ल्यात दोन गोष्टींची सरमिसळ झालीय. ब्राउझरचा मूळ आकार १६ असतो, म्हणून ६२.५ टक्के दिले की १० येतात आणि हिशेब खरंच सोपा होतो. कोणी सेटिंगमध्ये मूळ आकार २० करून ठेवला असेल तर ६२.५ टक्क्यांचे १२.५ होतात, १.६ रेमचे बरोबर २०. थेट १० पिक्सेल लिहिलंत की त्या माणसाचं सेटिंग गेलं कचऱ्यात.

आता ‘मोबाईल डोळ्याजवळ असतो’. हे ऐकायला इतकं पटतं की कोणी तपासतच नाही. सीएसएसचा पिक्सेल हातभर अंतरावरून दिसणाऱ्या कोनावर बेतलेला आहे, अंतराचा हिशेब त्यात आधीच धरलाय. मॉनिटरसाठी इंचाला ९६ पिक्सेल हे प्रमाण, अँड्रॉइडचं आधारमाप इंचाला १६०. म्हणजे १६ पिक्सेलचं अक्षर फोनवर साधारण अडीच मिलिमीटरच्या चौकटीत बसतं. जवळ असण्याची सूट त्यातच वळती झाली. त्यावर १२ करणं म्हणजे तीच सूट दुसऱ्यांदा कापणं. चौकट दोन मिलिमीटरच्याही आत येते. लासलगावच्या आवारात, भर उन्हात, स्क्रीनवर धूळ असताना कांद्याचा किमान आणि कमाल भाव त्यात वाचून दाखवा. शिवाय फॉर्मच्या रकान्यात १६ पेक्षा लहान अक्षर असलं की आयफोनवरची सफारी रकान्याला हात लावताच पान मोठं करते आणि ‘बुक करा’चं बटण कडेला पळतं.

राहिली मराठी. ‘त्र्यंबकेश्वर’ हा शब्द १२ पिक्सेलला टाका. त्र्य चिकटून एक डाग होतो. ‘घ’ की ‘ध’, ‘भ’ की ‘म’ हे डोळे बारीक करून ठरवावं लागतं. त्याच चौकटीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार मावायचे, म्हणून रोमन अक्षराशेजारी तोच आकडा आपल्याला छोटा दिसतो. ओळीची उंची अक्षराच्या १.२ पट ठेवली तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. मी १.६ च्या खाली सहसा जात नाही. बटणाला ठरावीक उंची आणि ओव्हरफ्लो हिडन (बाहेर जाईल ते झाकून टाक) दिलं तर ‘सिंहस्थ’चा अनुस्वार छाटला जातो आणि ‘सिहस्थ’ उरतो. भाविकांसाठीच्या पानावर हे शोभत नाही. लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधली वाढीव जागा, तर देवनागरीला लावूच नका. मथळ्याची शिरोरेषा तुटते, शब्दाची अक्षरं सुटी होतात.

मराठी-इंग्रजी मिसळलेल्या पानासाठी एक सोय फारशी कोणी वापरत नाही. फॉन्ट-फेसमध्ये (फॉन्ट जोडायच्या नियमात) युनिकोड-रेंज, म्हणजे तो कुठल्या अक्षरांना लागू ते, फक्त देवनागरीची द्यायची आणि साइझ-ॲडजस्ट, म्हणजे त्या अक्षरांचा आकार, ११० टक्के करायचं. फक्त मराठी अक्षरं वाढतात, इंग्रजी आहे तिथेच राहतं. किती टक्के ते फॉन्टवर अवलंबून. मुक्ता फॉन्टला पुरणारा आकडा नोटो फॉन्टला पुरेलच असं नाही, शेजारी ठेवून बघावं लागतं. ही सोय जुन्या आयफोनवर नाही, सफारीत ती १७ व्या आवृत्तीपासून आली. त्याआधीच्या फोनवर मराठी थोडी लहान दिसेल, बाकी काही मोडणार नाही.